दांत दुखण्यापूर्वीं

दांत दुखूं लागल्यावांचून दांतांची आठवण होत नाहीं, हा मनुष्यस्वभाव आहे. शहरांत या विसराळूपणाची भरपाई पैशानें करतां येते. परंतु पालघर जिल्ह्यांतील जव्हार व मोखाडा या डोंगराळ तालुक्यांत ती सोय सहज नाहीं. येथील वारली, कोकणा, कातकरी, महादेव कोळी व ठाकूर कुटुंबें दूरदूरच्या पाड्यांवर राहतात. पुष्कळजण दिवाळीनंतर भिवंडी-वसईकडे वीटभट्ट्यांवर कामास जातात व पावसाळ्यापूर्वीं परततात. जव्हारला पतंगशाह कुटीर रुग्णालय आहे. तरी पाड्यावरून दवाखाना गांठणें म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडणें. म्हणून वेदना असह्य झाल्यावरच दांत दाखविला जातो, आणि तेव्हां बहुधा तो काढावाच लागतो.

रोग मात्र कितीतरी आधीं सुरू झालेला असतो. दांताला लागणारी कीड म्हणजे वळवळणारा किडा नव्हे. तोंडांतील सूक्ष्म जंतु दांतांवर चिकट थर धरतात व साखरेपासून आम्ल तयार करतात. हें आम्ल दांताच्या कठीण आवरणांतील खनिज विरघळवितें. लाळ ही झीज कांहीं अंशीं भरून काढते. पण तिला अवधि मिळावा लागतो. म्हणून गोड किती खाल्लें याइतकेंच तें दिवसांतून कितीदां खाल्लें, हेंहि महत्त्वाचें. जेथें नागलीची भाकरी हें मुख्य अन्न, तेथेंहि आतां गोड चहा व बिस्किटांचे पुडे पोंचले आहेत. वरच्या आवरणाला संवेदना नसते. कीड आंतील गाभ्याशीं पोंचल्यावरच ठणका लागतो.

हिरड्यांचा रोग याहूनहि मुका. तोच थर हिरडीच्या कडेला साचला, कीं ती लाल होते, सुजते व घासतांना रक्त येतें. रक्त पाहून घासणेंच बंद करण्याची चाल आहे, आणि खरा घात तेथेंच होतो. रक्त येणें ही बहुधा थर राहून गेल्याची खूण होय. मऊ ब्रशानें रोज नीट स्वच्छता केल्यास प्रारंभींची सूज पूर्ण बरी होते. दुर्लक्ष झाल्यास थराचें किटण बनतें, दांताला धरून ठेवणारें हाड झिजतें व निरोगी दिसणारा दांतहि हलूं लागतो. मधुमेह्यांत हा रोग अधिक बळावतो. गरोदरपणींहि हिरड्या लवकर सुजतात.

कडुनिंब, करंज किंवा बाभळीची काडी नीट चावून वापरल्यास निरुपयोगी नाहीं. मात्र मागच्या दाढांपर्यंत ती पोंचत नाहीं. खरखरीत राखुंडीनें आवरण झिजतें. मिश्री तर दंतमंजन नव्हेच. ती भाजलेली तंबाखू होय. तिची संवय जडते आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. महाराष्ट्रांत २०१२ सालीं गुटख्यावर बंदी आली. मिश्रीची डबी मात्र अनेक घरांतील कोनाड्यांत अजून आहे. तोंडांतील पांढरा चट्टा किंवा दोन आठवड्यांत न भरणारी जखम तत्काळ डॉक्टरांस दाखवावी.

उपाय साधा आहे. सकाळीं व निजण्यापूर्वीं दोन मिनिटें फ्लोराइडयुक्त पेस्टनें दांत घासावे. झोपेंत लाळ कमी सुटते, म्हणून रात्रीचें घासणें चुकवूं नये. तीन वर्षांखालील मुलास तांदुळाच्या दाण्याएवढी, पुढें सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी पेस्ट पुरे.

आईबापांनीं व आश्रमशाळांतील शिक्षकांनीं एक गोष्ट विशेष ध्यानांत घ्यावी. सुमारें सहाव्या वर्षीं दुधाच्या दांतांच्या मागें पहिली कायमची दाढ उगवते. तिच्यासाठीं कोणताहि दांत पडत नाहीं. म्हणून ती दुधाचीच समजली जाते आणि 'पडेल व नवी येईल' या भरंवशावर किडूं दिली जाते. ती गेली, कीं पुन्हां येत नाहीं. सहा वर्षांच्या मुलाचें तोंड उजेडांत उघडून पाहण्यास दवाखाना लागत नाहीं; आणि जेथें दवाखाना दूर, तेथें हें पाहणेंच पहिला उपचार होय.