मेणाऐवजी खळ : घरच्या घरी बाटिकची नक्षी



बाजारात बाटिकचा अभ्रा किंवा ओढणी दिसली, की हात आपोआप तिकडे जातो. गडद रंगावर उमटलेली पांढरी नक्षी आणि त्या नक्षीतून कोळ्याच्या जाळ्यासारख्या गेलेल्या बारीक रेघा, ही बाटिकची ओळख. हे काम घरी करायचे म्हटले तर मेण वितळवणे आले. तापलेले मेण अंगावर उडाले तर भाजते, आणि फार तापले तर पेटही घेते. घरात रांगते मूल असले की असला उद्योग नको वाटतो, आणि ते बरोबरच आहे. पण तशीच नक्षी मैद्याच्या खळीने काढता येते, मुलांच्या दप्तरातल्या डिंकानेही काढता येते. चूल पेटवावी लागत नाही. वाटीभर मैदा, चिमूटभर तुरटी, जुने धोतर आणि रंगाची एक बाटली एवढ्यावर काम भागते.

मात्र कामाला बसण्यापूर्वी एक गोष्ट नीट समजून घ्या. ती कळली नाही, तर कापडही वाया जाते आणि रंगही.

मेण आणि खळ यांतला फरक

बाटिकचे मर्म एवढेच, की कापडाचा जो भाग पांढरा ठेवायचा तो झाकायचा आणि उरलेला रंगवायचा. मेणाने झाकलेल्या जागी पाणी शिरत नाही. म्हणून मेणाचे कापड खुशाल रंगाच्या बादलीत बुडवतात, आणि शेवटी उकळत्या पाण्यात घालून मेण काढून टाकतात.

खळीचे तसे नाही. खळ पाण्यात विरघळते. खळ लावलेले कापड रंगाच्या पाण्यात बुडवले, तर घटकाभरात नक्षी बादलीत उतरते आणि हाती एकरंगी कापड राहते. म्हणून खळीचे कापड बुडवायचे नाही, त्यावर ब्रशने रंग लावायचा. आणि रंगही असा घ्यायचा, की एकदा वाळल्यावर तो पाण्याने निघणार नाही. खळ धुऊन जावी आणि रंग राहावा, एवढे साधले की काम जमले.

खळीने रंग अडवण्याची ही रीत जुनी आहे. राजस्थानातले छिपे माती, चुना, डिंक आणि किड्यांनी पोखरलेल्या गव्हाचा भुगा कालवून त्याचे ठसे कापडावर उठवतात आणि मग ते कापड रंगवतात. त्याला दाबू म्हणतात. आपण जो किडका गहू कोंबड्यांपुढे टाकतो, त्यावर तिथे एक कला उभी आहे. नायजेरियातल्या योरुबा स्त्रिया कसाव्याच्या, म्हणजे ज्यापासून साबुदाणा होतो त्या कंदाच्या खळीने नक्षी काढतात आणि कापड निळीत रंगवतात. जपानात तांदळाचे पीठ आणि कोंडा यांची खळ वापरतात. मेणाच्या बाटिकची सर्वांत नावाजलेली भूमी म्हणजे इंडोनेशियातले जावा बेट. रवींद्रनाथ ठाकूर १९२७ साली जावाला गेले होते. त्यानंतर शांतिनिकेतनात बाटिक रुजले आणि तिथून ते देशात अनेक ठिकाणी पोचले. २००९ साली युनेस्कोने इंडोनेशियाच्या बाटिकला मानवजातीच्या वारशात स्थान दिले.

कापड कोणते घ्यावे

कापड निव्वळ सुती हवे. मांजरपाट, मलमल, जुने धोतर, पांढरी चादर, काहीही चालेल. मिश्र धाग्याच्या गुळगुळीत कापडावर रंग नीट धरत नाही. कापड सुती आहे की नाही याची शंका आली, तर त्याचा एक धागा काढून चिमट्यात धरा आणि जाळून पाहा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि मऊ राख राहते. कृत्रिम धागा वितळतो आणि त्याचा कडक मणी होतो.

नव्या मांजरपाटाला कांजी असते. ती तशीच राहिली तर रंग वरच्या वर बसतो आणि पहिल्याच धुण्यात उडतो. म्हणून नवे कापड आधी गरम पाण्यात साबण आणि धुण्याचा सोडा घालून स्वच्छ धुवा, वाळवा आणि इस्त्री करा. पुन्हा कांजी करू नका. जुने कापड घेतले तर हे काम बरेचसे आधीच झालेले असते.

खळ अशी करावी

अर्धी वाटी मैदा, अर्धी वाटी पाणी आणि २ चहाचे चमचे तुरटीची बारीक पूड घ्या. मैद्यात तुरटी मिसळून थोडे थोडे पाणी घालत गुठळ्या मोडा. मग पातळ फडक्यातून गाळून घ्या, म्हणजे कोनाच्या तोंडाशी गुठळी अडकणार नाही. खळ भज्यांच्या पिठाइतकी दाट हवी. फार पातळ झाली तर रेघ पसरते, फार घट्ट झाली तर कापडाला धरत नाही. ही खळ शिजवायची नाही, कच्चीच वापरायची. उरलेली खळ गुरांच्या आंबोणात किंवा कोंबड्यांच्या दाण्यात टाकू नका, तिच्यात तुरटी आहे. ती उकिरड्यात पुरावी.

नक्षी काढणे आणि वाळवणे

कापड जाड पुठ्ठ्यावर किंवा फळीवर ताणून चारी बाजूंनी टाचण्या लावा. खाली प्लॅस्टिकचा कागद घाला. खळ वाळताना आखडते आणि कापड ओढले जाते, म्हणून टाचण्या जवळजवळ हव्यात.

दुधाची रिकामी पिशवी धुऊन, कोरडी करून तिचा मेंदीसारखा कोन करा, त्यात खळ भरा आणि टोक किंचित कापा. ज्या हाताला रांगोळीची सवय आहे त्याला वेगळे शिकवावे लागत नाही. ठिपक्यांची रांगोळी, वेल, कोयरी, ज्वारीचे कणीस, बैलजोडी, जे हाताला येते ते काढा. पहिल्या वेळी जाड रेघांची साधी नक्षी घ्या. एक लक्षात असू द्या, जिथे खळ लागेल तिथे कापड पांढरे राहील. रांगोळीत पांढरी रेघ ओढतो तसाच हा हिशेब आहे. स्वस्तिक किंवा लक्ष्मीची पावले काढायची असतील, तर ती भिंतीवरच्या किंवा ताटावर झाकायच्या कापडावर काढा. बसायच्या आसनावर किंवा पायपुसण्यावर नकोत.

नक्षी झाली की कापड आडवेच ठेवून एक दिवस आणि एक रात्र वाळवा. टांगले तर खळ ओघळते. सावलीत, वारा खेळेल अशा जागी ठेवावे. अंगणात ठेवाल तर कोंबड्या टोचतील आणि मुंग्याही लागतील, म्हणून माळ्यावर किंवा बंद खोलीत ठेवलेले बरे. पावसाळ्यात हे काम काढू नका. दमट हवेत खळ वाळत नाही आणि तिला बुरशी येते. दिवाळीनंतरची कोरडी हवा यासाठी उत्तम.

बाटिकच्या त्या बारीक रेघा हव्या असतील, तर पूर्ण वाळलेले कापड टाचण्या काढून हलकेच हातात चुरा. खळीला तडे जातात आणि त्या तड्यांतून रंग आत उतरतो. तडे जाण्यासाठी खळ एका सुताएवढी तरी जाड हवी. जोरात चुरले तर खळीच्या खपल्या पडतात आणि नक्षी मोडते, तेव्हा बेताने करा.

रंग लावणे

कापडावर काम करायचा रंग रंगाच्या दुकानात फॅब्रिक कलर म्हणून मिळतो. तोच घ्या. गरम पाण्यात उकळून वापरायची रंगाची पूड या कामाला उपयोगी नाही, कारण त्या पाण्यात खळ टिकणार नाही. रंग गडद निवडा. निळा, विटकरी, गडद हिरवा असे रंग पांढऱ्या नक्षीला उठाव देतात.

रंगात थोडेसे पाणी घालून तो दाट ताकासारखा करा. इंचभर रुंदीच्या ब्रशने सगळ्या कापडावर, खळीवरूनसुद्धा, एका दिशेने लावत जा. तड्यांच्या जागी ब्रश किंचित दाबा. एकाच जागी पुन्हा पुन्हा घासू नका, ओलीने खळ सुटू लागते. रंगाची वाटी आणि चमचा स्वयंपाकात परत वापरू नका. ब्रश धुतलेले पाणी गुरांच्या हौदाजवळ किंवा विहिरीजवळ टाकू नये. रंग लावला की पुन्हा पूर्ण एक दिवस वाळू द्या. इथे घाई केली तर सगळी मेहनत वाया जाते.

खळ काढणे आणि रंग पक्का करणे

आता कापड हाताने दुमडत जा, म्हणजे खळीच्या खपल्या सुटतील. उरलेल्या चमच्याच्या बोथट कडेने काढा. मग कापड कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा आणि बोटांनी किंवा मऊ ब्रशने चोळून स्वच्छ करा. पाणी उकळते घेऊ नका. मैदा शिजला की त्याचा चिकट लगदा होतो आणि धाग्यांत अडकून बसतो. त्याच कारणाने, खळ अंगावर असताना इस्त्रीही फिरवू नका.

कापड स्वच्छ होऊन वाळले, की उलटे करून वर पातळ फडके टाका आणि गरम इस्त्री ५ मिनिटे फिरवत राहा. एका जागी थांबवू नका. उष्णतेने रंग कापडाला पक्का धरतो. बाटलीवर वेगळी सूचना असेल तर ती पाळा. त्यानंतर ३-४ दिवस कापड धुऊ नका. पुढे धुताना थंड पाणी आणि सौम्य साबण वापरा. दगडावर आपटू नका, ब्लीचिंग पावडर घालू नका.

मुलांसाठी डिंकाची रीत

शाळकरी मुलांना हे काम सुटीत करायचे असेल तर खळीऐवजी डिंक सोपा. पाण्याने धुऊन निघणारा, शाळेत कागद चिकटवायला वापरतात तो डिंक घ्यावा. बाटलीच्या नळीनेच चित्र काढायचे, रात्रभर वाळू द्यायचे, रंग लावायचा, तो दिवसभर वाळवायचा आणि मग कापड कोमट पाण्यात भिजवून डिंक चोळून काढायचा. डिंकाची रेघ खळीपेक्षा बारीक येते, मात्र तिला तडे जात नाहीत. सुतार वापरतात तो पांढरा डिंक मात्र नको. तो वाळला की कापडातून सहजी निघत नाही. बाटली कोणतीही असो, आधी वीतभर चिंधीवर करून पाहावे.

काय करावे, काय करू नये

उशीचे अभ्रे, खिडकीचे पडदे, बाजारची पिशवी, ताटावर झाकायचा रुमाल, भिंतीवरचे चित्र यांना हे काम शोभते. बाळाची दुपटी, लंगोट आणि रोज धोपटून धुवायचे कपडे यांना हे काम करू नका. रंगाने कापड थोडे ताठ होते आणि रोजच्या धुण्याने नक्षी फिकी पडते.

हात बसला की शेजारीण म्हणेल, मला एक करून दे. बचत गटात विषय निघेल, जत्रेत मांडायचे ठरेल. त्याआधी दोन गोष्टी करा. पहिला नग विकू नका. तो घरात वापरा आणि ५ वेळा धुवा. पांढरे फडके ओले करून रंगावर घासा. फडक्याला रंग लागला तर तो माल गिऱ्हाइकाला द्यायचा नाही. फसलेले गिऱ्हाईक पुढच्या वर्षी तुमच्या मांडवात येत नाही, आणि इतर चार बायकांचा मालही त्याच्याबरोबर पडून राहतो. किंमत ठरवताना कापड आणि रंग यांच्याबरोबर आपले तासही मोजा. बायकांच्या हातकामात मजुरी धरायचीच राहते, आणि मग विक्री होऊनही पदरात काही पडत नाही.

दुसरी गोष्ट नावाची. हे खळीचे काम आहे, आणि तसेच सांगून विकावे. मेणाचे बाटिक दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखे दिसते. खळीच्या कापडाची उलटी बाजू फिकी असते, आणि जाणकार गिऱ्हाईक कापड उलटवून पाहतेच. उज्जैनजवळ भैरवगढला कित्येक घरे मेणाच्या बाटिकवर पोट भरतात. त्यांचे नाव लावून आपला माल खपवणे त्यांच्यावरही अन्याय आणि आपल्यावरही. ‘खळीची नक्षी, हाताने काढलेली’ एवढी चिठ्ठी पुरे. खरे सांगितलेल्या मालाला गिऱ्हाईक मिळते, आणि ते टिकते.

सुगी आटोपली, रानातली कामे जरा सैल झाली, की एक जुने धोतर काढा आणि वीतभर तुकड्यापासून सुरुवात करा. पहिल्या तुकड्यात खळ किती दाट हवी ते कळेल, दुसऱ्यात ब्रश किती हलका हवा ते कळेल. तिसरा तुकडा बहुधा अभ्रा शिवण्याजोगा निघेल.