‘आणी’ कुठून आली? उल्हासनगरमधल्या एका दुर्मीळ आडनावाची गोष्ट

एपिसोड ऐकायला वेळ नसेल, किंवा लोकलच्या गर्दीत इअरफोन कानातून निघाला असेल, तर हा त्याच एपिसोडचा लिहिलेला अवतार. बोलताना घसरलेली वाक्यं तेवढी सरळ केलीत. बाकी गप्पा तशाच.

आजचा विषय आडनावं. आणि सुरुवात एका फोनने.

माझा एक मित्र उल्हासनगरला राहतो, कॅम्प नंबर चारला. मी बदलापूरचा. इंजिनियरिंगची चार वर्षं आम्ही एकाच लोकलने गेलो-आलो. मागच्या वर्षी त्याचे वडील गेले. त्यांच्या नावावर एक एफडी होती, नॉमिनी आई. सगळं सरळ होतं, फक्त आडनाव सोडून. पासबुकावर एक स्पेलिंग, आधारवर दुसरं, मृत्यूच्या दाखल्यावर तिसरं. कागद अपलोड केले की स्क्रीनवर लाल अक्षरांत एकच उत्तर यायचं: नाव जुळत नाही.

त्याने मला फोन केला. म्हणाला, “तू हेच काम करतोस ना? सांग, आता बाबांचं नाव बरोबर कोणतं?”

ती सिस्टीम मी लिहिलेली नव्हती. पण आदल्याच महिन्यात ऑफिसात मी अगदी असाच नियम लिहिला होता. दोन नावांतली अक्षरं मोजायची, ठरावीक टक्क्यांपेक्षा जास्त फरक पडला की नाकारायचं. टेस्टिंगमध्ये देशपांडे, म्हात्रे, भोईर, शर्मा सगळे पास झाले होते, त्यामुळे मी खूश होतो. असं तीन कागदांवर तीन तऱ्हेने लिहिलेलं आडनाव टाकून बघायचं माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

मित्राचं आडनाव इथे सांगत नाही, कारण सांगितलं तर तुम्ही थेट त्याच्या दारात पोचाल. अख्ख्या कॅम्पमध्ये त्यांची तीन घरं आहेत, आणि तिन्ही एकमेकांचे चुलत. एवढंच सांगतो की ते ‘आणी’ने संपतं. इतकं दुर्मीळ आडनाव कसं तयार होतं, हे शोधायला मी बसलो आणि दोन रविवार त्यातच गेले.

आडनावात बसलेले आजोबा

सिंधी आडनावांतली ‘आणी’ म्हणजे ‘अमक्याचे वंशज’. आधी एका पूर्वजाचं नाव, मागून आणी. जेठमलचे जेठमलानी, हिरानंदचे हिरानंदानी, मूलचंदचे मूलचंदानी, रामचंदचे रामचंदानी. कधी नाव थोडं झिजतं: गिदूमलचे गिदवाणी. हे दिवाण गिदूमल अठराव्या शतकात सिंधच्या कल्होडा राज्यकर्त्यांच्या दरबारात होते. सिंधमधल्या हैदराबादला सिंधू नदीच्या काठावर गिदू बंदर आहे, तेही त्यांच्याच नावाचं. सरकारदरबारी काम करणाऱ्या आमिल घराण्यांत अशी आडनावं विशेष रुजली.

सगळी सिंधी आडनावं अशी नाहीत हं. आहुजा, रहेजा, हिंदुजा हीपण सिंधी घरांतली आडनावं आहेत. शिवाय आडनावापलीकडे ‘नुख’ म्हणून एक ओळख असते. आपल्याकडे लग्न जमवताना गोत्र विचारतात, तसं तिथे नुख विचारतात.

आता आपलं मराठी बघा. आपण आडनावात माणूस ठेवण्यापेक्षा गाव ठेवतो, आणि मागे ‘कर’ लावतो. यात एक गंमत आहे. मी बदलापुरात राहतो, पण इथे मला बदलापूरकर म्हणून कोण ओळखणार? इथे तर सगळेच बदलापूरकर. ‘कर’ला ओळख म्हणून किंमत येते ती गाव सोडल्यावर. कोकणातल्या बेने इस्रायल ज्यूंची आडनावं घ्या: किहिमकर, रोहेकर, पेणकर. त्यांतली अनेक घरं इस्रायलला गेली, पण किहीम, रोहा आणि पेण सोबत घेऊन गेली.

म्हणजे ‘कर’ सांगतं की तुम्ही कुठून आलात, आणि ‘आणी’ सांगते की तुम्ही कोणाचे. हा फरक लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

दुर्मीळ का?

आता माझ्या आवडीचा भाग. रामचंद हे नाव असंख्य लोकांचं होतं. त्यामुळे रामचंदानी हे आडनाव वेगवेगळ्या गावांत, वेगवेगळ्या रामचंदांपासून, स्वतंत्रपणे तयार होऊ शकतं. दोन रामचंदानी भेटले म्हणून ते नातेवाईक असतीलच असं नाही. पण पूर्वजाचं नावच जर अनवट असेल, तर ते आडनाव बहुधा एकदाच तयार होतं. मग ते लावणारी सगळी माणसं एकाच माणसापासून, चार-पाच किंवा थोड्या जास्त पिढ्यांपूर्वी सुरू झालेली असतात. माझ्या मित्राचं आडनाव असंच आहे.

आणि एकाच माणसापासून सुरू झालेलं आडनाव टिकणं अवघड असतं. हा प्रश्न इंग्लंडमध्ये फ्रान्सिस गाल्टनने १८७३ साली मांडला होता. तिथल्या नावाजलेल्या घराण्यांची आडनावं नाहीशी होताना दिसत होती, आणि हे निव्वळ योगायोगाने होऊ शकतं का, असा त्याचा सवाल होता. हेन्री वॉटसन नावाच्या धर्मगुरू-गणितज्ञाने उत्तर शोधलं. आज गणितात ही पद्धत दोघांच्या नावाने शिकवतात.

मी लॅपटॉपवर तेच गणित करून पाहिलं. आडनाव फक्त मुलग्यांकडून पुढे जातं असं धरा, कारण आपल्याकडे आणि त्यांच्याकडे रूढी तीच. प्रत्येकाला सरासरी एक मुलगा. कोणाला शून्य, कोणाला एक, कोणाला तीन, नशिबावर (गणितवाले याला पॉयसाँ वितरण म्हणतात). तर आडनाव पहिल्याच पिढीत संपण्याची शक्यता सुमारे ३७ टक्के. दोन पिढ्यांत ५३, तीन पिढ्यांत ६३, चार पिढ्यांत ६९. सरासरी दीड मुलगा धरला तरी कधी ना कधी आडनाव संपण्याची शक्यता साधारण ४२ टक्के उरते. यात कुठे साथ नाही, दंगल नाही, फाळणी नाही. नुसता योगायोग.

म्हणून कॅम्प चारमधली ती तीन घरं मला तीनच वाटत नाहीत. इतकी गळती सोसून उरलेली तीन वाटतात.

मग हे आडनाव इथे कसं आलं?

पंजाब आणि बंगालचे १९४७ साली दोन तुकडे झाले. सिंधचे झाले नाहीत, तो अख्खा पाकिस्तानात गेला. त्यामुळे सिंधी हिंदूंना ‘आपल्या अर्ध्या भागात’ सरकायची सोयच नव्हती. कराचीहून बोटीने मुंबई ही एक मोठी वाट होती. आणि मुंबई त्यांना परकी नव्हती, कारण १९३६ पर्यंत सिंध मुंबई इलाख्याचाच भाग होता.

कल्याणजवळ दुसऱ्या महायुद्धातली लष्करी छावणी रिकामी पडली होती. त्या बराकींत निर्वासितांना ठेवलं गेलं, जवळपास एक लाख माणसं. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल सी. राजगोपालाचारी यांनी वसाहतीची कोनशिला बसवली आणि शेजारच्या उल्हास नदीवरून नाव पडलं उल्हासनगर. पण आजही रिक्षावाल्याला आपण सांगतो ते “कॅम्प तीन”, “कॅम्प पाच”. छावणी गेली, आकडे राहिले.

आज ‘आणी’वाली आडनावं नकाशावर मांडली, तर बऱ्याच अंशी जुन्या छावण्यांचाच नकाशा तयार होतो. उल्हासनगर, पुण्याजवळचं पिंपरी, नागपूरचं जरीपटका. कोल्हापूरजवळ वळिवड्याची छावणी, जिथे महायुद्धाच्या काळात पोलंडचे निर्वासित राहत होते आणि ते गेल्यावर सिंधी आले, आजचं गांधीनगर. गुजरातेत कच्छमधलं आदिपूर-गांधीधाम. दुसरा नकाशा व्यापाऱ्यांचा, आणि तो फाळणीच्याही आधीचा: हैदराबादी सिंधवर्की व्यापारी एकोणिसाव्या शतकापासूनच बंदराबंदरांत पसरत गेले होते. म्हणून हाँगकाँग, जिब्राल्टर किंवा कॅनरी बेटांवरच्या दुकानाच्या पाटीवर ‘आणी’ दिसली तर दचकू नका.

काही आडनावं वाटेत छाटलीही गेली. ‘शोले’चे निर्माते जी. पी. सिप्पी यांचं घराण्याचं आडनाव सिपाहीमलानी. सिप्पी ऐकलं तर कोणालाही इंग्रजी आडनाव वाटेल. माझ्या नियमाला विचारलं असतं, तर दोन्ही एकाच घराण्याची आहेत हे त्याने कधीच मान्य केलं नसतं.

आणीचे सापळे

इथे तुम्ही म्हणाल, सोपं आहे, यादी घे, आणीने संपणारी सगळी नावं गाळून काढ, झाला सिंधी लोकांचा नकाशा. मीही तेच केलं, आणि तोंडावर पडलो. अंबानी आणि अदानी गुजराती. इराणी हे देशावरून. कल्याणी महाराष्ट्रातल्या लिंगायत घरांत सापडतं.

आणि सगळ्यात भारी सापळा आमच्या शेजारी, अंबरनाथला! तिथल्या शिवमंदिरातला शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा आहे. त्यात राजाचं नाव येतं माम्वाणिराजदेव. हा उत्तर कोकणातला शिलाहार राजा, मुम्मुणि म्हणूनही ओळखला जातो. सिंधी छावणी बसायच्या जवळजवळ नऊशे वर्षं आधी, दोन स्टेशनांच्या अंतरात, दगडावर कोरलेला एक ‘वाणि’. संबंध काहीही नाही. शेपूट सारखी दिसली म्हणून प्राणी तोच नसतो, हे मला कोडने नाही, अंबरनाथच्या दगडाने शिकवलं.

‘णी’ की ‘नी’?

आता परत मित्राच्या कागदांकडे. तीन स्पेलिंग का झाली?

सिंधी भाषेत ‘ण’ आणि ‘न’ हे वेगळे आवाज आहेत, मराठीसारखेच. तिकडची शाळा, कचेरी अरबी वळणाच्या सिंधी लिपीत चालायची. इंग्रजांच्या काळात १८५३ साली तिची ५२ अक्षरं ठरली, आणि त्यात या दोन आवाजांना दोन अक्षरं आहेत. म्हणजे मुळात घोळ नव्हताच. घोळ झाला रोमन लिपीत आल्यावर. तिथे ण आणि न दोघांनाही एकच ‘एन’. मग त्या इंग्रजी स्पेलिंगवरून कोणीतरी पुन्हा देवनागरीत लिहिलं, तेव्हा एकाने अंदाजाने ‘णी’ केलं, दुसऱ्याने ‘नी’. वर मीच बघा ना, गिदवाणी लिहिलं आणि जेठमलानी लिहिलं. शेपूट एकच, लिहायची पद्धत दोन.

रोमनमध्येही एक ठरलेलं रूप नाही. ‘वाणी’च घ्या. व्ही की डब्ल्यू? ए एक की दोन? शेवटी आय की डबल ई? दोन गुणिले दोन गुणिले दोन, आठ स्पेलिंग. माणूस एक, आडनाव एक, उच्चार एक. मोठ्या आडनावाला वर्तमानपत्रं आणि पाट्या मिळून एक स्पेलिंग चिकटवून देतात. तीन घरांच्या आडनावाला कोण देणार? जो कारकून समोर येईल तो आपल्या कानाने लिहिणार.

म्हणजे मित्राच्या प्रश्नाचं उत्तर असं होतं: बाबांची तिन्ही नावं बरोबर. चूक आमच्यासारख्यांच्या नियमाची.

तेवढ्याने एफडी सुटली नाही, अर्थातच. आंटींनी नोटरीकडे प्रतिज्ञापत्र केलं की या तिन्ही नावांची व्यक्ती एकच, सोबत काकांचा शाळा सोडल्याचा दाखला जोडला, आणि पाच महिन्यांनी पैसे आले. ऑफिसात मी माझा नियम बदलला. आता फरक फक्त ण-न, व्ही-डब्ल्यू, ए-डबल ए असा असेल तर नाव नाकारलं जात नाही, ते माणसाकडे तपासायला जातं. छोटा बदल आहे. पण कोणाची तरी आई स्क्रीनसमोर बसून आपल्याच नवऱ्याचं नाव चुकीचं ठरताना बघणार नाही.

पैसे आल्यावर मी त्यांच्या घरी गेलो होतो. आंटींना विचारलं, तुमचं सिंधमधलं गाव कोणतं? मित्र म्हणाला, मला माहीत नाही. आंटी म्हणाल्या, सासूबाई सांगायच्या, लारकान्याकडचं गाव. मग थांबल्या. नाव आठवायला बराच वेळ लागला. आठवलं तेव्हा मित्राने ते फोनमध्ये लिहून घेतलं, आणि स्पेलिंग काय करायचं म्हणून माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, लिहू नको, रेकॉर्ड कर. आंटींच्याच आवाजात.

हाच तो मघाचा फरक. किहिमकरांचं गाव आडनावात सुरक्षित आहे, जगात कुठेही गेले तरी. ‘आणी’ने माणूस जपला, गाव नाही. गाव फक्त कोणाच्या तरी आठवणीत असतं, आणि आठवणीचा बॅकअप नसतो.

तर आजचं काम एवढंच. घरात जे सगळ्यात मोठं माणूस असेल, त्यांच्यासमोर फोनचा रेकॉर्डर चालू करा. आडनाव कोणाचं, गाव कोणतं, इथे कसे आलो, हे तीन प्रश्न विचारा. सिंधी असा, आगरी असा, घाटावरचे असा, काही फरक पडत नाही. फाइलला नाव द्या, तारीख टाका, आणि एक कॉपी भावंडांना पाठवा.

भेटू पुढच्या भागात. तोवर उतरताना सांभाळून, अंबरनाथला गर्दी असते.