आम्लाला न जुमानणारी राख

मुंबईच्या रे रोड स्टेशनवर उतरून दारूखान्याकडे चालत जा. एका अंगाला जहाजं तोडणाऱ्यांचं भंगार, पुढे भरतीचं खारं पाणी आणि पायाखाली गटारं. इथल्या काँक्रीटला शत्रू तरी किती!

समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. त्यातले क्लोराइड झिरपत सळईपर्यंत पोचतात. सळई गंजून फुगते आणि स्लॅबचे पोपडे सुटतात. सल्फेट सिमेंटशी संयोग पावून नवे स्फटिक बनवतात, ते वाढले की काँक्रीट आतून तडकतं. पण खरी करामत गटारातल्या जीवाणूंची! सांडपाण्यातून सडक्या अंड्यांच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड वर येतो आणि पाइपाच्या ओल्या छतावरचे जीवाणू त्याचं चक्क सल्फ्युरिक आम्ल करतात. म्हणून पाइप घाण पाण्यात बुडालेल्या भागापेक्षा वरच्या, कोरड्या वाटणाऱ्या भागात आधी सडतो.

हे आम्ल खातं काय? चुना. सिमेंट म्हणजे मुळात 1450 अंशांच्या आसपास भाजलेली चुनखडी आणि माती. पाणी पडून ते घट्ट होताना पानाला लावतात तोच चुना काँक्रीटच्या पोटात तयार होतो. आम्लाला आयताच घास!

मग हा चुना टाळूनच काँक्रीट केलं तर? फ्रान्सच्या जोसेफ दाविदोवित्स यांनी 1970च्या दशकात अशा पदार्थांना नाव दिलं : जिओपॉलिमर. कच्चा माल कोणता? कोराडी किंवा चंद्रपूरसारख्या औष्णिक वीजकेंद्रांतली राख!

या राखेचा एक कण सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. केसाहून बारीक, काचेचा गोल गोळा. काही गोळ्यांच्या पोटात तर डाळिंबासारखे इवले गोळे भरलेले. राखेवर कॉस्टिक सोडा आणि वॉटर ग्लासचं (सोडियम सिलिकेटचं) द्रावण ओतलं की ही काच विरघळू लागते. सुटे झालेले सिलिकॉन आणि ॲल्युमिनियम ऑक्सिजनच्या दुव्यांनी पुन्हा जोडले जातात आणि चहूबाजूंनी घट्ट जाळी तयार होते. 60 ते 80 अंशांची ऊब मिळाली की दिवसभरात राखेचा दगड!

या जाळीत चुना जवळपास नाहीच, मग सल्फेटनं स्फटिक बनवायचे कशाचे? ऑस्ट्रेलियाच्या कर्टिन विद्यापीठात सल्फेटच्या द्रावणात वर्षभर ठेवलेल्या नमुन्यांचं फारसं काही बिघडलं नाही. सल्फ्युरिक आम्ल जिओपॉलिमरलाही झिजवतं, पण साध्या सिमेंटपेक्षा पुष्कळ हळू.

पथ्यं मात्र पाळावी लागतात. लोखंडाच्या झोतभट्टीतला स्लॅग मिसळला तर ऊब न देताही मिश्रण घट्ट होतं, पण स्लॅगबरोबर कॅल्शियम परत येतं. शिवाय कॉस्टिक सोडा कातडी जाळतो, तेव्हा हातमोजे आणि चष्मा हवेतच. म्हणून कारखान्यात साच्यात ओतलेल्या वस्तू ही या काँक्रीटची सर्वांत सोयीची जागा. अशा वस्तूंसाठी भारतीय मानक ब्यूरोनं 2020 मध्ये आयएस 17452 हे मार्गदर्शक मानकही काढलं आहे.

राख आपल्याकडे ढिगांनी पडून आहे, मानक तयार आहे आणि सडणाऱ्या गटारांचीही वाण नाही. महापालिकेनं पहिले पाइप आणि मॅनहोल रे रोडलाच बसवून पाहावेत.