विस्तार-कार्यकर्त्याचे शिक्षण व सहवास

शेतीची सुधारणा म्हटली म्हणजे सुधारलेले बियाणे, रासायनिक खते, विहिरी, विजेचे पंप या गोष्टी आपल्या डोळ्यांपुढे चटकन उभ्या राहतात. या सर्वांविषयीची माहिती शेतकऱ्याच्या बांधापर्यंत नेऊन पोचविणारा मनुष्य मात्र सहसा कोणास आठवत नाही. मध्यप्रदेशात त्याला ग्रामीण कृषि विस्तार अधिकारी म्हणतात. गुजरातेत तो ग्रामसेवक आहे. महाराष्ट्रात कृषि सहायक या नावाने तो वर्षानुवर्षे ओळखला गेला. नावे निराळी असली तरी काम एकच. प्रयोगशाळेत जे सिद्ध झाले ते शेतात नेणे, आणि शेतात जे घडत आहे ते प्रयोगशाळेला कळविणे, यालाच कृषि-विस्तार असे म्हणतात.

आपल्या संस्थेच्या सभासदांपैकी कित्येकांची माळव्यात थोडीबहुत शेती आहे. कित्येक घरांतील मुले-मुली शेतकी महाविद्यालयात शिकत आहेत व त्यांतील काही उद्या या नोकरीत जातील. म्हणून या कार्यकर्त्याला स्वतःला कोण शिकवितो व अडचणीत तो कोणाकडे पाहतो, या प्रश्नाचा विचार या महोत्सवी स्मरणिकेत करणे अप्रस्तुत ठरणार नाही.

एका सल्ल्याची किंमत

माळव्यातील सोयाबीनचेच उदाहरण घेऊ. जून महिन्यात पहिली सर आली की शेतकऱ्याची पेरणीची घाई सुरू होते. सुमारे १०० मिलिमीटर पाऊस पडून जमीन चांगली ओलावल्याशिवाय सोयाबीन पेरू नये, असे शास्त्रज्ञ सांगतात. या बियाचे टरफल फार नाजूक असते, आपटधोपट झाली की उगवण कमी होते. याकरिता घरचे १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवावेत व त्यांतले ७० तरी उगवतात की नाही ते आधी पाहून घ्यावे. गोष्ट अगदी साधी, खर्च शून्य. पण ती वेळेवर सांगणारा कोणी नसला तर दुबार पेरणीची पाळी येते, बियाणे व मजुरी दोन्ही वाया जातात, आणि हंगाम मागे पडतो तो पडतोच.

पुढे श्रावणात पीक पिवळे पडू लागले, तर प्रश्न अधिकच बिकट होतो. शेतात पाणी साचले असेल तर पीक पिवळे पडते. जमिनीतून लोह मिळत नसेल तरी पडते. आणि पांढऱ्या माशीमुळे पसरणारा पिवळा मोझॅक रोग असेल तरीही पडते. पहिल्या प्रकारात चर काढून पाण्याला वाट करून द्यावयाची, दुसऱ्यात फेरस सल्फेटची फवारणी करावयाची, तिसऱ्यात रोगट झाडे आरंभीच उपटून नाहीशी करून माशीचा बंदोबस्त करावयाचा. रंग एक, कारणे तीन आणि उपायही तीन. येथे कार्यकर्त्याचा तर्क चुकला तर त्याचा पगार थांबत नाही. नुकसान सोसतो तो शेतकरी.

अशा वेळी कार्यकर्ता एकटा असतो. त्याच्याकडे अनेक गावे असतात, कागदपत्रे व सरकारी योजनांचे अर्ज यांत दिवस जातो, आणि पदवी घेऊन दहा-पंधरा वर्षे लोटलेली असतात. ज्वारी-कापसाच्या शेतीवर तयार झालेल्या मंडळींना १९७० नंतर माळव्यात सोयाबीन पसरू लागल्यावर नवे पीक मुळापासून शिकावे लागले. उद्या पीक बदलेल, कीड बदलेल, पावसाचा क्रमही बदलेल. एकदा घेतलेले शिक्षण जन्मभर पुरेल असा हा व्यवसाय नव्हे.

इंदूरचा वारसा

या बाबतीत इंदूर शहराला एक चांगली परंपरा आहे. १९२४ साली येथे वनस्पति-संशोधनाची संस्था स्थापन झाली. मध्य भारतातील संस्थानांनी व कापूस समितीने तिला पैसा पुरविला, होळकर दरबाराने जमीन दिली. अल्बर्ट हॉवर्ड व त्यांच्या विदुषी पत्नी गॅब्रिएल यांनी येथे काम केले. कंपोस्ट खताची ‘इंदूर पद्धत’ म्हणून जी जगभर गाजली ती येथलीच, आणि १९३१ साली तिच्यावर निघालेल्या ग्रंथावर हॉवर्ड यांच्या बरोबरीने यशवंत वाड या रसायनशास्त्रज्ञांचे नाव आहे.

या पद्धतीचा जन्म कसा झाला ते पाहण्याजोगे आहे. चीनमधील शेतकरी कचऱ्याचे खत कसे करतात हे हॉवर्ड यांनी वाचले होते. त्याला वाडांच्या रसायनशास्त्राची जोड मिळाली. आणि कपाशीच्या टणक काटक्या कुजत नाहीत ही अडचण त्या शेतातल्या गाडीवाटेवर पसरून गाड्यांच्या चाकांखाली चुरडून घेण्याच्या साध्या युक्तीने सुटली. शेतकरी व पिकांवरील किडी यांना आपण गुरुस्थानी मानले, असे हॉवर्ड यांनी पुढे लिहून ठेवले. ज्याला दुसऱ्यास शिकवावयाचे आहे त्याने आधी शेतकऱ्याकडून व सहकाऱ्यांकडून शिकावे, हा धडा त्यात आहे. त्या संस्थेच्या जागेवर आज शेतकी महाविद्यालय उभे आहे.

स्वातंत्र्यानंतरचे प्रयोग

१९४८ साली उत्तर प्रदेशात इटावा जिल्ह्यात अल्बर्ट मेयर यांच्या मार्गदर्शनाखाली ग्रामविकासाचा प्रयोग सुरू झाला. त्यातून ‘ग्रामसेवक’ ही कल्पना पुढे आली. २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामूहिक विकास योजना देशभर सुरू झाली, व पुढच्याच वर्षी राष्ट्रीय विस्तार सेवा आली. सुमारे दहा गावांना एक ग्रामसेवक, असा हिशेब होता. परंतु शाळा, रस्ते, आरोग्य, शेती ही सगळीच कामे त्याच्या माथी आल्याने शेतीचा सल्ला बऱ्याचदा शेवटी राहू लागला.

या अनुभवावरून निराळी व्यवस्था आली ती १९७४ च्या सुमारास, आणि तीही आपल्या शेजारच्या चंबळ खोऱ्यात. डॅनियल बेनॉर या इस्रायली तज्ज्ञाने जागतिक बँकेच्या साहाय्याने ‘प्रशिक्षण व भेट’ पद्धत राजस्थान-मध्यप्रदेशातील कालव्यांच्या मुलुखात आणली. तिचे सूत्र सोपे होते. कार्यकर्त्याला शेतीखेरीज दुसरे काम द्यावयाचे नाही. त्याने पंधरवड्यातून एकदा ठरलेल्या दिवशी ठरलेल्या शेतकऱ्यांकडे जावयाचे. आणि पंधरवड्यातून एक दिवस स्वतः शिकावयास बसावयाचे. त्याला शिकविणारे विषय-तज्ज्ञ महिन्यातून एकदा संशोधकांसमवेत बसत. म्हणजे शिक्षण हा कधीमधी मिळणारा लाभ न राहता नोकरीचाच भाग झाला. हा तिचा मोठा गुण होय.

दोषही होतेच. निरोप बहुधा वरून खाली येई. शेतकऱ्याची शंका खालून वर फारशी जात नसे. कर्मचारीवर्ग वाढला व त्याचा खर्च राज्यांना झेपेना. बँकेचे साहाय्य आटले तशी १९९० नंतर ही घडी विस्कटत गेली. २००३ साली राष्ट्रीय नमुना पाहणीत काय दिसले ते ध्यानात घेण्यासारखे आहे. शंभरातील सुमारे ४० शेतकरी कुटुंबांनाच कोठून ना कोठून नवी माहिती मिळत होती. प्रगतिशील शेतकऱ्याकडून ती घेणारे १६.७ टक्के, बी-खताच्या दुकानदाराकडून घेणारे १३.१ टक्के, आणि विस्तार-कार्यकर्त्याकडून घेणारे अवघे ५.७ टक्के!

आजच्या सोयी

या आकड्यांचा अर्थ असा की, सल्ला देणाऱ्यांत शेजारचा शेतकरी व दुकानदार हेही धरले पाहिजेत. पुढील योजनांत ही दृष्टी दिसते. १९९८ मध्ये काही राज्यांत प्रयोगादाखल सुरू झालेली व २००५ पासून देशभर पसरू लागलेली ‘आत्मा’ योजना जिल्ह्यातील शेती, पशुपालन, फळबाग ही खाती, संशोधक व शेतकरी यांना एका बैठकीत बसविते. दोन गावांमागे एक कृषक मित्र असावा, अशी तिच्यात तरतूद करण्यात आली.

हैदराबादेस १९८७ साली स्थापन झालेली ‘मॅनेज’ ही राष्ट्रीय संस्था नोकरीतील अधिकाऱ्यांना शिकविते व घरबसल्या करता येईल असा एक वर्षाचा पदविका-अभ्यासक्रमही चालविते. तिनेच २००३ साली दुकानदारांसाठी ४८ आठवड्यांची पदविका काढली. तीत ४० दिवस वर्ग व ८ दिवस शेतावरील भेटी असून, वर्ग बाजाराच्या सुट्टीच्या दिवशी भरतात. आणंद येथील विस्तार-शिक्षण संस्था पश्चिमेकडील राज्यांतील कर्मचाऱ्यांसाठी वर्ग घेते. १९७४ साली पुदुच्चेरीस पहिले कृषि विज्ञान केंद्र निघाले. आज अशी ७०० हून अधिक केंद्रे आहेत, आणि विस्तार-कर्मचाऱ्यांना नवे ज्ञान देणे हे त्यांचे एक नेमून दिलेले काम आहे. इंदूरचे केंद्र कस्तुरबाग्रामात कस्तुरबा ट्रस्ट चालविते, हे आपल्यासारख्या विश्वस्त संस्थेने लक्षात ठेवण्याजोगे आहे. शिवाय सोयाबीनची राष्ट्रीय संशोधन संस्था १९८७ पासून याच शहरात आहे.

सहवासाचे महत्त्व

सोयी आहेत; तथापि वर्गात आठ दिवस बसून प्रमाणपत्र घेतले म्हणजे शिक्षण पुरे झाले, असे नाही. खरे शिक्षण आपल्याच व्यवसायातील माणसांच्या नित्य भेटीने होते. वैद्य वैद्याला विचारतो, वकील वकिलाला विचारतो. मग विस्तार-कार्यकर्त्याने का विचारू नये? देपालपूरच्या कार्यकर्त्यापुढे आज जी कीड आहे, ती महूच्या कार्यकर्त्याने आठ दिवसांपूर्वी पाहिली असेल. दोघांची ओळख असली तर आठ दिवस वाचतात, आणि शेतीत आठ दिवस म्हणजे कधी कधी सारे पीक.

अशी भेट फलदायी व्हावी म्हणून चार गोष्टी पाळाव्यात. भेटीचा दिवस कायमचा ठरलेला असावा. प्रत्येकाने शेतातील एक प्रश्न आणावा, व शक्य तेथे रोगट झाड मुळासकट पिशवीत घालून आणावे. बैठकीला निदान एक संशोधक व दोन जाणते शेतकरी हवेत, व त्यांत शेतकरी स्त्रियांनाही स्थान असावे. कारण निंदणी व बियाण्याची निगा बहुतेक त्यांच्याच हातून होते. आणि मागील बैठकीतील सल्ल्याचे पुढे काय झाले, याची नोंद पहिल्याप्रथम वाचावी. फसलेल्या सल्ल्याची नोंद तर अवश्य ठेवावी. ज्या बैठकीत कोणाला वरिष्ठांची भीती वाटते तेथे असली नोंद कोणी देणार नाही. म्हणून हाताखालच्या माणसाला मोकळेपणी बोलता येईल असे वातावरण राखणे हे अध्यक्षाचे काम आहे.

हल्ली व्हॉट्सअ‍ॅपवर कार्यकर्त्यांचे गट असतात. पिवळ्या पानाचे छायाचित्र क्षणात दहा जणांना दिसते, हा फायदा खराच. पण छायाचित्रावरून मुळाजवळचे पाणी दिसत नाही, आणि कोणी तरी पाठविलेली औषधाची मात्रा तपासल्याविना पुढे ढकलणे धोक्याचे असते. ज्यांची प्रत्यक्ष ओळख आहे त्यांच्यातच असा गट नीट चालतो. तेथे कोणाच्या शब्दाला किती वजन द्यावे हे माहीत असते.

आपण काय करू शकतो

ही सर्व जबाबदारी सरकारची आहे, असे म्हणून आपल्याला मोकळे होता येणार नाही. संस्थेचे सभागृह महिन्यातून एक सकाळ अशा बैठकीस विनामूल्य देता येईल. वाचनालयात शेतीची नियतकालिके व संशोधन संस्थांच्या पुस्तिका ठेवता येतील. शिष्यवृत्ती-निधीतून एखाद्या तरुण कार्यकर्त्याचा प्रशिक्षणाचा प्रवासखर्च देता येईल; अट एवढीच की परत आल्यावर त्याने शिकलेले इतरांस सांगावे. आणि ज्या सभासदांची शेती आहे त्यांनी आपल्या गावच्या कार्यकर्त्याला केवळ अनुदानाच्या अर्जासाठी न गाठता, बांधावर नेऊन पीक दाखवावे. प्रश्न विचारणारा शेतकरी भेटला तरच कार्यकर्ता उत्तर शोधण्याची सवय ठेवतो.

विद्या दिल्याने वाढते असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. शेतीच्या विद्येला आणखी एक अट आहे. ती दर हंगामास नवी करून घ्यावी लागते. ते काम एकट्यादुकट्याने होत नाही. पुढल्या मृगापूर्वी आपल्या सभागृहात अशी पहिली बैठक भरली, तर या महोत्सवाचे स्मरण कागदावर राहील तसेच शेतातही राहील.