दिग्दर्शकाची स्वाक्षरी : ओतर सिद्धांत आणि म्युझिक व्हिडिओ

फ्रेंच भाषेतील ‘ओतर’ या शब्दाचा अर्थ लेखक किंवा कर्ता. चित्रपटाच्या संदर्भात मात्र तो एका प्रदीर्घ वादाचे नाव झाला. अनेक कलावंत व तंत्रज्ञांच्या सहभागातून घडणाऱ्या चित्रपटाचा कर्ता कोणास म्हणावे, हा तो वाद होय. दिग्दर्शक हाच खरा कर्ता असून त्याची स्वाक्षरी त्याच्या सर्व कृतींवर उमटलेली असते, ही ओतर सिद्धांताची मूळ भूमिका. ही भूमिका कशी घडली आणि म्युझिक व्हिडिओ या एरवी जाहिरातवजा मानल्या गेलेल्या प्रकाराला ती कितपत लागू पडते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१९४८ मध्ये अलेक्झांद्र आस्त्रुक यांनी दिग्दर्शकाने कॅमेरा लेखणीसारखा वापरावा, अशी कल्पना मांडली. १९५१ मध्ये पॅरिस येथे ‘काइए द्यु सिनेमा’ हे नियतकालिक सुरू झाले. त्याच्या जानेवारी १९५४ च्या अंकात अवघ्या एकवीस वर्षांच्या फ्रान्स्वा त्रुफो यांनी तत्कालीन प्रतिष्ठित फ्रेंच चित्रपटांवर कठोर टीका केली. त्यांचा रोख विशेषतः झाँ ओराँश व पिएर बोस्त या पटकथाकारांवर होता. पटकथा पूर्ण होताच चित्रपट जणू पूर्ण झाला आणि दिग्दर्शकाने तिला केवळ चित्रे जोडावीत, ही पद्धती त्रुफो यांना अमान्य होती.

या समीक्षकांनी आदर्श म्हणून कोणाला निवडले, हे पाहण्यासारखे आहे. त्यांत सर्वस्वी स्वतंत्र वृत्तीचे कलावंत होतेच. पण आल्फ्रेड हिचकॉक आणि हॉवर्ड हॉक्स हे हॉलिवूडच्या व्यावसायिक चौकटीत काम करणारे दिग्दर्शकही होते. हॉक्स यांनी गुन्हेगारीपट, विनोदी चित्रपट, वेस्टर्न असे नाना प्रकार हाताळले. तरीही संकटात आपले काम चोख करणाऱ्या माणसांचा गट आणि एकमेकांवर कुरघोडी करणारे वेगवान संवाद त्यांच्या चित्रपटांत पुनःपुन्हा आढळतात. विषय, नटसंच, प्रकार यांवर निर्मितिसंस्थेचा अंकुश असूनही जे टिकून राहते, तेच दिग्दर्शकाचे स्वतःचे, असा हा तर्क होता. कागद दुसऱ्याचा असतो तेव्हाच हस्ताक्षर नीट ओळखू येते.

या भूमिकेवर आक्षेपही लवकरच आले. ‘काइए’चे संस्थापक-संपादक आंद्रे बाझँ यांनीच १९५७ मध्ये व्यक्तिपूजेच्या धोक्याकडे आणि हॉलिवूड-व्यवस्थेच्या स्वतःच्या सामर्थ्याकडे लक्ष वेधले. १९६२ मध्ये अँड्र्यू सॅरिस यांनी अमेरिकेत ही भूमिका ‘सिद्धांत’ म्हणून मांडताना तांत्रिक कौशल्य, व्यक्तिगत शैली व आंतरिक अर्थ हे तीन निकष दिले. पुढच्याच वर्षी पॉलीन केल यांनी त्यांचा समाचार घेतला. शैली ओळखू येणे म्हणजे ती श्रेष्ठ असणे नव्हे, हा त्यांचा मुद्दा आजही बिनतोड आहे. दुर्गंधही चटकन ओळखू येतोच.

१ ऑगस्ट १९८१ रोजी एमटीव्ही वाहिनी सुरू झाली आणि म्युझिक व्हिडिओ हा मोठा व्यवसाय बनला. येथे दिग्दर्शकाच्या हाती येते ते आधीच पूर्ण झालेले गाणे. लांबी ठरलेली, गायक ठरलेला, आणि गाण्याचा खप वाढवणे हा हेतूही ठरलेला. एमटीव्हीच्या पडद्यावर गायकाच्या व गीताच्या नावाखाली दिग्दर्शकाचे नाव येऊ लागले ते १९९२ पासून. हॉक्स यांच्यावर होती त्याहून कडक बंधने येथे होती; म्हणूनच ओतर सिद्धांताची खरी कसोटी या प्रकारात लागते.

मिशेल गोंद्री यांचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. ते मूळचे ढोलवादक. ‘वी वी’ या आपल्याच वाद्यवृंदाचे व्हिडिओ ते करीत. ते पाहून आइसलँडच्या गायिका ब्यर्क यांनी त्यांना पाचारण केले आणि १९९३ मध्ये ‘ह्यूमन बिहेव्हियर’ तयार झाला. डाफ्ट पंक यांच्या ‘अराउंड द वर्ल्ड’मध्ये (१९९७) नर्तकांचे पाच गट आहेत आणि प्रत्येक गट गाण्यातील एकेका ध्वनीचे रूप आहे. बासचे स्वर चढतात-उतरतात तसे खेळाडूंच्या वेशातील उंच नर्तक पायऱ्या चढतात-उतरतात. सांगाड्यांचा गट गिटारबरोबर, ममींचा गट तालयंत्राबरोबर हलतो. केमिकल ब्रदर्सच्या ‘स्टार गिटार’मध्ये (२००२) तर माणूसच नाही. धावत्या आगगाडीच्या खिडकीतून इमारती, खांब, पूल सरकत जातात. काही क्षणांनी लक्षात येते, की प्रत्येक वस्तू एखाद्या ठोक्याबरोबरच अवतरते आहे. त्याच वर्षी कायली मिनोग यांच्या ‘कम इन्टू माय वर्ल्ड’मध्ये गायिका एका चौकाला फेऱ्या घालते आणि प्रत्येक फेरीत तिची व रस्त्यावरील माणसांची आणखी एकेक प्रतिकृती वाढते.

या तिन्ही कृती दिसायला सर्वस्वी भिन्न आहेत. रंग, भिंग वा नेपथ्य यांत साम्य शोधू गेल्यास हाती फारसे लागत नाही. साम्य आहे ते गाण्याकडे पाहण्याच्या रीतीत : आवर्तन हीच गाण्याची रचना मानून तिचा डोळ्यांना दिसेल असा आराखडा बांधणे. याउलट हाइप विल्यम्स यांची नव्वदच्या दशकातील ओळख बरीचशी फिशआय लेन्सने फुगवलेल्या प्रतिमांशी निगडित राहिली. प्रभाव निर्विवाद, परंतु लेन्स भाड्याने मिळते, आणि तिचे अनुकरण करणे सोपे असते.

तथापि, गोंद्री हेच एकमेव कर्ते ठरतात काय? ‘अराउंड द वर्ल्ड’चे नृत्यदिग्दर्शन ब्लांका ली यांचे आहे, त्यांना वगळून त्या व्हिडिओचे वर्णनच करता येत नाही. ब्यर्क यांनी गोंद्री, स्पाइक जोन्झ, ख्रिस कनिंगहॅम अशा भिन्न प्रकृतींच्या दिग्दर्शकांना निवडले, आणि त्या सर्व व्हिडिओंना जोडणारा धागा स्वतः ब्यर्क याच आहेत. निवड हेही कर्तृत्वच असते, याकडे सिद्धांताने फारसे पाहिलेले नाही.

याहून अडचणीचा प्रश्न या दिग्दर्शकांच्या चित्रपटांनी उभा केला. जोन्झ यांचा ‘बीइंग जॉन माल्कोविच’ (१९९९) आणि गोंद्री यांचा ‘इटर्नल सनशाइन ऑफ द स्पॉटलेस माइंड’ (२००४) या दोहोंत माणसाच्या मनाच्या आत शिरण्याची कल्पना आहे आणि दोहोंच्या पटकथा चार्ली कॉफमन यांच्या आहेत. त्रुफो यांनी ज्या पटकथाकाराला बाजूस सारले, तोच येथे मागच्या दाराने परत येतो. मात्र ‘इटर्नल सनशाइन’मध्ये नायक बालपणीच्या स्वयंपाकघरात टेबलाखाली एवढासा होऊन बसतो, ते दृश्य गोंद्री यांनी मुख्यतः नेपथ्यातील अंतरांचा भास वापरून, कॅमेऱ्यासमोरच साधले. या चित्रपटाला मूळ पटकथेचे ऑस्कर मिळाले, तेव्हा त्यावर कॉफमन, गोंद्री आणि कथाकल्पनेचे भागीदार पिएर बिस्मुथ अशी तीन नावे होती.