डब्यातलं जागतिकीकरण

आठवीच्या वर्गाला मी ‘जागतिकीकरण आणि मी’ हा निबंध दिला होता. बहुतेकांनी मोबाईल, मॉल, १९९१ चं आर्थिक धोरण असं पुस्तकातलंच उतरवलं. एका मुलीने मात्र लिहिलं, ‘मला कर्जत स्टेशनचा वडापाव आवडतो. तो आपलाच आहे, त्यात जागतिकीकरण नाही. घरची नाचणीची भाकरी मी डब्यात आणत नाही, मुली हसतात.’

मग धडा बाजूला ठेवून आम्ही वडाच फोडला. बोरघाट चढायला गाडीला मागून जादा इंजिन लावतात, तोवर फलाटावर वडे खपतात, एवढं मुलांना ठाऊक होतं. पण बटाटा आणि मिरची मूळची अमेरिका खंडातली, पोर्तुगीजांच्या काळात इकडे आली. त्याआधी आपल्याकडे तिखटाला मिरी होती. ‘पाव’ हा शब्दही पोर्तुगीजांचाच. वर्ग गप्प!

आणि नाचणी? तीही हजारो वर्षांपूर्वी आफ्रिकेतून आलेली. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं म्हणून पाळलं. आता तीच नाचणी ‘रागी’ नावाने बिस्किटाच्या पुड्यात महाग मिळते. हसणाऱ्या मुलींना हे जरा लागलं असावं.

दुसऱ्या दिवशी तिने भाकरी आणली का, ते मी मुद्दाम पाहिलं नाही. निबंधाला दहापैकी नऊ दिले. एक शुद्धलेखनाचा कापला.