देवाची प्रतिमा आणि राहुरीतले पाणी

माणूस देवाच्या प्रतिमेप्रमाणे घडला, असे बायबलचे पहिलेच पुस्तक सांगते. ख्रिस्ती माणसाने ती प्रतिमा समोरच्यात ओळखायची आणि आपल्या वागण्यातून त्याला दिसू द्यायची. नगर जिल्ह्यात याचे ठसठशीत उदाहरण म्हणजे लक्ष्मीबाई टिळक. पती, कवी नारायण वामन टिळक, १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले, तरी लक्ष्मीबाईंचे सोवळेओवळे कडक होते, पाणीसुद्धा वेगळे. राहुरीत राहताना त्यांनी स्वतःच विचार केला: जातिभेद देवाने नव्हे, माणसाने केला. मग कोणाच्याही हातचे पाणी त्या पिऊ लागल्या. बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९०० मधला. हा क्रम मला फार मोलाचा वाटतो. दुष्काळात निराधार झालेल्या मुलांनाही टिळकांच्या घरात आसरा मिळाला.